फोटोत समुद्र का येत नाही? पोर्ट्रेटची दोन कामं आणि दिवेआगरचे घरचे फोटो

कवडसा

नमस्कार मंडळी,

गेल्या तीन-चार महिन्यांत पोर्ट्रेटची दोन कामं केली आणि डिसेंबरच्या सुट्टीत घरच्यांबरोबर दिवेआगरला जाऊन आले. कामाचे फोटो मनासारखे उतरले, घरचे उतरले नाहीत. कॅमेरा तोच, लेन्स त्याच, हात माझेच. आठवडाभर ते फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघतेय. काय चुकलं ते थोडं कळलंय, पुरतं नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिलं काम सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, ८१वं लागलेलं. कार्यक्रमात ठेवायला आणि नंतर भिंतीवर लावायला एकच मोठा फोटो हवा होता. माडीवरची खोली, भिंती हातभर जाड, एकच गजांची खिडकी पश्चिमेला. खिडकीबाहेर बोळ आणि पलीकडे नव्या इमारतीची पांढरी भिंत. दहाच्या पुढे त्या भिंतीवर ऊन येतं आणि तिथून परतून खोलीत पडतं. इतका मऊ उजेड मला माझ्या सॉफ्टबॉक्समधून (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी) कधी मिळालेला नाही. फ्लॅश बॅगेतून बाहेर काढलाच नाही. खोलीतला एलईडी बल्ब आधी बंद केला, कारण खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा एकाच चेहऱ्यावर आले की कुठलाच व्हाइट बॅलन्स धड लागत नाही.

आजोबांना खिडकीपासून दोन हातांवर बसवलं, चेहरा खिडकीकडे अर्धवट वळवलेला. नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळाली आणि सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरला. यालाच रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात. पण दोन अडचणी आल्या. चष्म्याच्या काचांत अख्खी खिडकी दिसत होती, गजांसकट. त्यांच्या परवानगीने चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचलल्या. त्याने काचा जरा खाली झुकतात आणि खिडकी काचेतून निघून जाते. दुसरी अडचण डोळ्यांची. भुवया दाट, डोळे खोल गेलेले, खोबणी काळ्या येत होत्या. अप्पा बळवंत चौकातून आणलेली पांढरी कार्डशीट त्यांच्या मांडीवर ठेवली, फ्रेमच्या खाली. डोळ्यांत ठिपका आला आणि चेहरा जिवंत झाला. ८५ मिमीची लेन्स, छिद्र एफ/४, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००.

खरी गोष्ट मात्र पुढे घडली. सूनबाईंनी आजोबांना कोट आणि पगडी घातली होती आणि ते फोटोसाठी बसावं तसे ताठ बसले होते. वीस मिनिटं तसेच फोटो काढले, सगळे नीटनेटके आणि सगळे परके. मग मी लेन्स बदलायला वळले. त्यांना वाटलं, झालं. त्यांनी शेजारचा पानाचा डबा ओढला, अडकित्ता उचलला आणि सुपारी कातरायला लागले. खांदे खाली आले, ओठ सैल झाले. मी म्हटलं, “आजोबा, चालू दे तुमचं, मी इथेच आहे.” भिंतीवर लागलेला फोटो तोच आहे, अडकित्त्यासकट.

दुसरं काम कसबा पेठेत, तांबट आळीत. एका कारागिरांच्या मुलीला वडिलांचा काम करतानाचा फोटो हवा होता. काका हंड्यावर मठारकाम करत होते, म्हणजे हातोडीने ठोके देत होते. ठोक्यांच्या आवाजात बोलणं अशक्य, सगळं हातवाऱ्यांनी. जागा काळोखी, धुराने भिंती काळ्या, दाराच्या बाजूने दिवसाचा उजेड, वर एक ट्यूब. ट्यूब मालवायला सांगितली. काकांची कातडी सावळी, घामाने चकचकीत. पहिले फोटो जास्त उजळ आले, कारण फ्रेममध्ये काळं इतकं होतं की कॅमेऱ्याला वाटलं सगळंच अंधारलंय. एक्स्पोजर दीड स्टॉप खाली आणल्यावर (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) काका जसे आहेत तसे दिसले. आणि तांबं! दाराचा पांढरा उजेड हंड्यावर पडून त्यांच्या हनुवटीखाली आणि मनगटांवर केशरी होऊन येत होता. तो रंग मी जपला, पांढरा करत बसले नाही.

आता दिवेआगर. संध्याकाळी साडेपाचला सगळे किनाऱ्यावर. बाबा, भाऊ-वहिनी, माझी मुलगी, भाचा. सगळ्यांना समुद्राकडे पाठ करून उभं केलं, मागे मावळता सूर्य. आकाश सुरेख आलं आणि माणसं कोळशासारखी काळी. मग माणसांसाठी एक्स्पोजर वाढवलं तर आकाश आणि समुद्र दोन्ही पांढरे. मग फ्लॅश मारला तर चेहरे पिठासारखे. मुलगी दहाव्या मिनिटाला म्हणाली, “आई, ठेव ना आता कॅमेरा.”

घरी आल्यावर जुना अल्बम काढला. १९८४ च्या मे महिन्यात बाबांनी दापोलीजवळच्या मुरुडला काढलेला एक फोटो आहे. अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा, एका रिळात बारा फोटो, त्यातला एक. आई, मी आणि भाऊ. आईचं पाचवारी पातळ वाऱ्याने एका बाजूला उडालेलं, तिघांचे डोळे मिचकावलेले, मागे माडांची रांग. खाली वाळूवर बाबांची लांब सावली, कोपरं बाहेर काढून कॅमेरा धरलेली. फोटो थोडा हललाय. तरी आई आता नाही आणि तिचा याहून खरा फोटो आमच्याकडे नाही.

तो मी लहानपणापासून बघतेय, पण या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं, त्यात समुद्र नाहीच. असं का?

---

दोन_स्टॉप

समुद्र नसण्याचं कारण सोपं आहे. आपला कोकण किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. त्या काळी प्रत्येकाला शिकवलेलं असायचं की सूर्य नेहमी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. संध्याकाळी सूर्य समुद्रावर. बाबा सूर्याकडे पाठ करून उभे राहिले म्हणजे समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. साहजिकच फ्रेममध्ये माड आले. डोळे मिचकावण्याचं कारणही तेच, तिघं थेट उन्हाकडे बघत होते.

सावली किती लांब आहे?

---

कवडसा

@दोन_स्टॉप, हे इतकं सरळ असून चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. सावली बाबांच्या उंचीच्या दुप्पट असावी, डोकं आईच्या पायांपाशी येतं.

---

दोन_स्टॉप

दुप्पट म्हणजे सूर्य क्षितिजापासून २६-२७ अंशांवर. मे महिन्यात आपल्याकडे तेवढ्या उंचीवरून मावळायला साधारण दोन तास लागतात आणि सूर्यास्त सातच्या सुमारास असतो. म्हणजे फोटो पाचच्या आसपासचा.

तुमच्या दिवेआगरच्या फोटोंबद्दल. तांबट आळीत कॅमेऱ्याने जे केलं त्याच्या बरोबर उलट त्याने समुद्रावर केलं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं करायचं असतं. काळी खोली दिली की तो उजळवतो, चकाकतं पाणी आणि वाळू दिली की अंधारवतो. म्हणून एक्स्पोजर एकीकडे वजा करायचं, दुसरीकडे अधिक. पण सूर्य थेट मागे असेल तर अधिक करूनही भागत नाही, कारण आकाश आणि चेहरा यांच्यातलं अंतर सेन्सरच्या आवाक्याबाहेर जातं.

फ्लॅशने चेहरे पिठासारखे झाले कारण फ्लॅशचा उजेड ५५०० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे भर दुपारचा, आणि मागचं आकाश केशरी. फ्लॅशवर फिकट नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पापुद्रा) लावा, ताकद एक-दीड स्टॉप कमी ठेवा आणि एक्स्पोजर आकाशासाठी लावा. चेहरा संध्याकाळचाच वाटेल. शटर मात्र कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल वेगाच्या, वर नेऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० असतो, त्यापुढे गेलात तर फ्रेमच्या कडेला काळा पट्टा येतो. हायस्पीड सिंक असेल तर पट्टा टळतो, पण फ्लॅशची ताकद खूप घटते.

---

पर्वती_पायथा

मला वाटतं, समुद्रावर फ्लॅश नकोच. कवडसाताई, तुमची मुलगी जे म्हणाली ते महत्त्वाचं आहे. माझे सासरे हौशी फोटोग्राफर होते. आम्ही दर वर्षी गुहागरला जायचो. प्रत्येक सहलीचे शे-दीडशे फोटो आहेत आणि माझ्या नवऱ्याला त्या सहलींतलं मुख्यतः उभं राहणं आठवतं. “थोडं डावीकडे, हां, आता हस.” मुलांना लाटेत जायचं असतं. गिऱ्हाईक कामासाठी आलेलं असतं, घरची माणसं नसतात.

तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. आजोबांना तुम्ही अडकित्ता घेऊ दिलात. मुलीला काय घेऊ दिलंत?

---

कवडसा

@पर्वती_पायथा, हे वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही. बरोबर आहे तुमचं. तिला शंख-शिंपले गोळा करायचे होते आणि मी तिला ओंजळ रिकामी करून सरळ उभी राहा म्हटलं होतं.

---

ताकभात

धागा फार आवडला, वाचनखूण साठवली. माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. मोबाईलने समुद्रावर चेहरे नीट यायला काय करू? आणि मुलांचे डोळे-नाक जवळून मोठे का दिसतात?

---

दोन_स्टॉप

आधी लेन्स पुसा. समुद्रावर हवेत खारट तुषार असतात, त्यांचा थर बसतो आणि फोटोवर दुधाळ झाक येते. सुती रुमाल किंचित ओला करून, मग कोरड्याने. मग चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, उजेड आणि फोकस तिथे कुलूपबंद होतो, आणि बोट वर-खाली सरकवून उजेड कमीजास्त करा.

नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे नाही, अंतरामुळे. तुम्ही हातभर अंतरावरून काढता तेव्हा नाक कॅमेऱ्याला कानापेक्षा प्रमाणाने बरंच जवळ असतं. सहा-सात फूट मागे जा आणि २एक्स झूम वापरा. लगेच फरक दिसेल.

जाता जाता वाड्यातल्या खिडकीबद्दल. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा होतो हा नियम बारक्या दिव्यासाठी तंतोतंत लागू पडतो. खिडकीच्या अगदी जवळ असाल तेव्हा उजेड तितक्या झपाट्याने घटत नाही, कारण उजेडाचं उगमस्थानच चेहऱ्याच्या मानाने मोठं असतं. मऊपणाही त्यामुळेच येतो. आजोबांना खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी बसवलं असतं तर तीच खिडकी लहान दिसली असती आणि सावल्या कडक झाल्या असत्या.

---

निगेटिव्ह

बऱ्याच दिवसांनी इथे लिहीत आहे. माझा पेठेत छोटा स्टुडिओ होता, वडिलांपासूनचा. आता बंद केला. वय झालं.

वडील सांगायचे की दिव्यांचे स्टुडिओ येण्याआधी चांगल्या स्टुडिओला उत्तरेकडे काचेचं छप्पर किंवा मोठी काचेची बाजू असे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो म्हणून. पुण्यात मात्र त्यात एक मेख आहे. मे महिन्याच्या मध्याला सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर जुलै संपेपर्यंत भर दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. उत्तरेच्या काचेतूनही ऊन आत यायचं. मग काचेला आतून मलमल लावायची. पुढे ढग आले की ती काढायची. उजेड कुठून येतो हे असं वर्षभर अंगावर घेतलं की दिवा कुठे ठेवायचा हे वेगळं शिकावं लागत नाही.

सावळ्या कातडीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून फार बरं वाटलं. आमच्या धंद्याने या बाबतीत अन्याय केला आहे आणि मीही त्यात होतो. लग्नाच्या मुलींचे फोटो यायचे. “जरा उजळ काढा हो.” आम्ही निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करायचो. निगेटिव्हवर जिथे शिसं चढेल तिथे प्रिंटमध्ये उजळ येतं. डोळ्यांखालची सावली, गालावरचा डाग, सगळं भरून काढायचं. कातडीचा पोत त्यातच जायचा. मुलगी गोरी दिसायची, पण ती मुलगी राहायची नाही. सावळी कातडी उजेडाने भरून काढायची नसते, उजेड तिच्यावरून तिरका घसरवायचा असतो. कपाळ, गालाचं हाड, नाकाचा कंगोरा यांवर जी चमक येते तिच्यातून चेहरा घडतो. तुमच्या तांबटकाकांच्या बाबतीत घामाने ते काम आपोआप केलं.

आता तुमचा समुद्र. पोरी, तू वाड्यात जे केलंस तेच तिथे का नाही केलंस? ती खिडकी पश्चिमेची होती. समुद्रकिनारा म्हणजे पश्चिमेला एकच भलीमोठी खिडकी असलेली खोली. आजोबांना तू खिडकीकडे पाठ करून बसवलं नाहीस आणि खिडकीत तोंड घालूनही बसवलं नाहीस. खिडकी त्यांच्या बाजूला ठेवलीस. तसंच किनाऱ्यावर कर. माणूस आणि तू दोघांनी किनाऱ्याच्या रेषेवर उभं राहायचं, एकाने उत्तरेला आणि एकाने दक्षिणेला. मग समुद्र फ्रेमच्या एका अंगाला येतो आणि ऊन गालावर तिरकं येतं. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो, म्हणून तू उत्तरेकडे तोंड करून काढ, म्हणजे ऊन किंचित तुझ्या पाठीमागून येईल आणि चेहऱ्याची दुसरी बाजू फार बुडणार नाही.

आणि मांडीवर ठेवलेली ती कार्डशीट? ओली वाळू. पाणी नुकतंच ओसरलेली वाळू आरशासारखी असते, ती आकाश खालून चेहऱ्यावर टाकते. कोरड्या वाळूवर उभं करू नकोस.

---

कवडसा

काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. खिडकीचं तुम्ही म्हणेपर्यंत मला दिसलंच नव्हतं. कामावर गेले की मी आधी उजेड कुठून येतोय ते बघते. समुद्रावर आधी सूर्यास्त बघितला. माणसं त्याच्यापुढे नेऊन ठेवली.

ओली वाळू मात्र त्या दिवशी फारशी नव्हती. पाणी वर आलेलं होतं, जो पट्टा उरला होता तो कोरडा, पायांनी आणि घोडागाडीने उकरलेला.

---

खाडीपलीकडचा

तुम्ही कुठल्या तिथीला गेला होता?

मी मूळचा श्रीवर्धनकडचा, आता कोथरूडला असतो. आमच्याकडे भरती काढायचा साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. शुद्ध असो वा वद्य. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पुरती भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. बहुतेकदा भरती त्याहून थोडी उशिराच येते.

---

कवडसा

कालनिर्णय बघितलं. अष्टमी होती!

---

खाडीपलीकडचा

मग कसं जमणार? सूर्यास्ताला पाणी पूर्ण वर. तुम्ही पौर्णिमेला किंवा अमावास्येला जा. दुपारी बाराच्या आसपास भरती, सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शिवाय त्या दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरती जशी जास्त वर येते तशी ओहोटीही जास्त लांब जाते. संध्याकाळी सपाट ओल्या वाळूचं मैदान मिळेल. मुलांना शंख-शिंपलेही तेव्हाच मिळतात.

एकच विनंती. ओहोटीच्या वेळी मुलांना पाण्यात खोल जाऊ देऊ नका, पाणी आत ओढतं. फोटो काढणाऱ्याचं लक्ष कॅमेऱ्यात असतं, म्हणून एका मोठ्या माणसाला फक्त मुलांवर नजर ठेवायला सांगा. आमच्या बाजूला दर सुट्टीत काही ना काही ऐकू येतं.

---

पर्वती_पायथा

या शेवटच्या परिच्छेदाला +१. हे सगळ्यात आधी.

---

अबोली१२

तांबट आळीतल्या काकांना फोटो दिलात का? विचारायचं कारण, आमच्या आळीत दर रविवारी कॅमेरे घेऊन मंडळी येतात, तासभर काढतात आणि जातात. माझ्या काकांचे किती फोटो निघाले असतील देव जाणे, घरात एकही नाही.

---

कवडसा

हो, दिले. मुलीला मोठा एक, आणि काकांना ५×७ च्या चार प्रती. त्यांनी त्यातली एक दुकानात भिंतीला लावली आणि शेजारच्या तिघांनी “आमचाही काढा” म्हणून बोलावलं. ते मी पुढच्या महिन्यात करणार आहे, पैसे न घेता. तुमच्या काकांना चालणार असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. मनापासून सांगते.

---

निगेटिव्ह

या मुलीने जे विचारलं ते आमच्या काळी विचारावंच लागायचं नाही, कारण प्रिंट झाल्याशिवाय फोटो झालाच नाही असं होतं.

अडकित्त्यावरून आठवलं. कार्श यांनी १९४१ साली ऑटावात चर्चिल यांचा फोटो काढताना त्यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि त्या रागावलेल्या चेहऱ्याचा फोटो जगभर गेला. वडील तो किस्सा सांगून म्हणायचे, ते कार्शना शोभतं, तू गिऱ्हाइकाच्या हातातलं काही काढून घेऊ नकोस. उलट विचार, घरी असताना हातात काय असतं तुमच्या? शिवणकाम करणाऱ्या बाईंना मी कात्री धरायला द्यायचो. फ्रेममध्ये ती दिसायची नाही, चेहऱ्यावर दिसायची.

---

दोन_स्टॉप

कॅमेऱ्याच्या काळजीचं राहिलं. एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर काढू नका, काचेवर आणि आतही बाष्प धरतं. बॅग बंद ठेवूनच बाहेर वीस-पंचवीस मिनिटं राहू द्या. वाळूवर लेन्स बदलू नका. परत आल्यावर ओलसर कापडाने बाहेरून पुसा, आणि लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. नाहीतर बुरशी धरते. पावसाळ्यात पुण्यातही धरते, कोकणात तर विचारूच नका.

---

कवडसा

मंडळी, सांगितल्याप्रमाणे परत जाऊन आले.

माघी पौर्णिमा रविवारी आली होती. शनिवारी पहाटे निघून ताम्हिणी घाटातून माणगाव-म्हसळा करत दुपारपर्यंत दिवेआगर. या वेळी घरात आधीच सांगून टाकलं, रविवारी संध्याकाळी कॅमेरा फक्त एक तास, आणि त्या तासात मी कुणालाही उभं राहायला सांगणार नाही. मुलीला विश्वास बसला नाही. तिने घड्याळ लावलं. मुलांवर नजर ठेवायचं काम भावाने घेतलं.

साडेपाचला किनाऱ्यावर गेलो तर खाडीपलीकडचा म्हणाले तसंच. पाणी इतकं आत गेलेलं की सुरूच्या बनापासून लाटेपर्यंत चालायला वेळ लागला. ओली वाळू, तिच्यात आख्खं आकाश. मुलगी आणि भाचा उकिडवे बसून शिंपले वेचत होते. मी त्यांच्या दक्षिणेला गेले, उत्तरेकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले, म्हणजे क्षितिजाची रेघ त्यांच्या मानेतून जाणार नाही. ऊन डावीकडून, किंचित माझ्या पाठीमागून. ८५ मिमी, एफ/४, आयएसओ १००, १/५००, अधिक दोन-तृतीयांश स्टॉप. मुलीने शिंपला उन्हात धरून बघितला त्या क्षणी तिच्या सावलीतल्या गालावर डोळ्याखाली तो त्रिकोण होता. वाड्यातला तोच त्रिकोण. हनुवटीखाली वाळूचा थंड निळसर उजेड. फ्लॅश खोलीवरच ठेवला होता.

साडेसहाच्या सुमारास सूर्य गेला. लोक परत फिरायला लागले. निगेटिव्हकाकांची खिडकी डोक्यात होती, म्हणून थांबले. सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं पश्चिमेचं सगळं आकाश एकच मोठा दिवा होतं, आणि आता त्याच्याकडे तोंड करून कुणाचे डोळे मिचकावत नाहीत. बाबा पाण्याकडे बघत उभे होते, चपला हातात. मी पाण्याच्या बाजूला गेले आणि जमिनीकडे वळून त्यांचा फोटो काढला. आयएसओ १६००, एफ/२.८, १/१२५. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते आणि एकही कडक नाही. मागे सुरूचं बन काळसर. या फोटोतही समुद्र नाही, पण तो त्यांच्या डोळ्यांत आहे. मोठा करून बघितलं तर बुबुळात क्षितिजाची आडवी रेघ दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी बाबांनी कॅमेरा मागितला. एफ/११, १/२५०, आयएसओ १०० लावून दिला, उन्हात हा ठरलेला हिशोब. त्यांनी मला, भावाला आणि मुलांना रांगेत उभं केलं आणि स्वतः सूर्य पाठीशी घेऊन माडांच्या बाजूला उभे राहिले. सकाळ होती, म्हणून या वेळी आमच्या मागे समुद्र आला. सगळ्यांचे डोळे मिचकावलेले आहेत. वाळूवर कोपरं बाहेर काढलेली लांब सावली आहे.

---

निगेटिव्ह

सावली क्रॉप करू नकोस.

---

कवडसा

नाही काका. तिन्ही फोटो छापायला दिलेत, मॅट कागदावर. बाबांनी काढलेला १९८४ च्या मापाचा, चौकोनी आणि छोटा. अल्बमच्या त्याच पानावर जागा आहे.

---

ताकभात

अष्टमी टाळून आम्ही अमावास्येला हरिहरेश्वरला जातोय. रुमाल घेतलाय.